कपाटात एकच सहा होता

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती उस्ताद, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू आणि समोर जमलेल्या सहकाऱ्यांनो,

"दोनच मिनिटं, आणि गोड बोल," असं मला सांगण्यात आलं आहे. घरून निघताना आईनेही तेच बजावलं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या जिभेची काळजी सगळ्यांनाच. उस्तादांनी तर मला कधी नावाने हाकच मारली नाही. "काय पदवीबाई, पंख्याखाली आज किती घाम गाळलात?"

तो आवाज अजून तसाच आहे. उजवा हात नाही. मघाशी साहेब मानचिन्ह देताना अडखळले आणि ते काकूंनी घेतलं. टाळ्या जरा उशिराच आल्या, नाही का?

अपघाताच्या दिवशी वजन उचलणाऱ्या यंत्राला दोन गिअरपेट्या एकापुढे एक जोडायच्या होत्या. पेटी वेग कितीपट कमी करते, तो आकडा तिच्यावर असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार छत्तीस यायला हवा होता. यादीत सहा, आठ, चार, नऊ. प्रत्येकी एकच पेटी. जोडी निवडायला ऑफिसने प्रोग्राम बसवला आहे. तो एकेक आकडा घेतो, छत्तीसला त्याने भागतो आणि उत्तर यादीत आहे का ते बघतो. पहिला आला सहा. छत्तीस भागिले सहा, सहा. यादीत सहा आहे? आहे की! तो स्वतःच. शोध तिथेच थांबला.

पडद्यावर आलं: सहा आणि सहा, उपलब्ध.

"उस्ताद, दुसरा सहा दिसत नाही हो," भांडारातल्या ताई म्हणाल्या.

"असेल कुठेतरी. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला कुठे बढती हवीय?"

दुरुस्तीच्या कोपऱ्यात सहाची एक पेटी होती, आतून दात तडकलेली. दुरुस्त झाली म्हणूनच यादीत चढली, असं वाटून उस्तादांनी तीच जोडली. चाचणीत दात तुटले, वजन सुटलं. खाली त्यांचा हात होता.

चार आणि नऊ कपाटात शेजारी शेजारी होते. आजही आहेत.

चौकशी अहवालात कारण लिहिलंय, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. उद्या त्यावर सही होणार. मी प्रोग्राम उघडून चूक दाखवली, तेव्हा उत्तर मिळालं, "निरोपाच्या तोंडावर हा विषय नको." साहेब, मग कधी? उस्ताद तर उद्यापासून येणारच नाहीत.

काल त्यांच्या घरी गेले होते. म्हणाले, "पदवीबाई, नोकरी सांभाळा."

"मग काका, मी शिकले कशाला?"

ते डाव्या हाताने शर्टाचं एकच बटण बराच वेळ लावत राहिले.

साहेब, प्रोग्राम दुरुस्त करायला एक ओळ पुरली: जोडीदार शोधताना आकड्याने स्वतःला मोजू नये. अहवालालाही एकच ओळ पुरेल. ती मी लिहून आणली आहे. खाली माझी सही आहे, शेजारी तुमच्यासाठी जागा सोडली आहे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. एखादा शब्द चुकला असेल तर पदरात घ्या. आकडा चुकलेला नाही.