लाल होईस्तोवर

सोमा लोहार घरात ॲल्युमिनियमचं भांडं येऊ देत नाही म्हणून हसता ना त्याला? मी नाही हसत.

तेव्हा मी संस्थानची मोटार चालवायचो. मोखाड्याकडून एका बाळंतपणात अडलेल्या बाईला जव्हारच्या दवाखान्यात नेत होतो, सोबत तिची सासू. वाटेत इंजिनाचं पाणी उकळलं आणि मोटार बंद पडली, नेमकी सोमाच्या भात्यापाशी. मी पाण्याचा पंप काढला. पंप ॲल्युमिनियमचा, आणि तो उघडायचा तर त्यातला पोलादी बोल्ट असा धरून बसलेला की पान्याला दाद देईना. असला हलका पांढरा धातू सोमा पहिल्यांदाच बघत होता.

"तापवू. लाल झाला का सुटंल," तो म्हणाला.

मी सासूला विचारलं, "तोवर डोली बांधून पुढे न्यायची का?"

"अजून वरडली नाय. येळ हाय."

सोमा भाता मारत राहिला. पंप लाल होईना. आणि एकाएकी तो अख्खा वितळून निखाऱ्यांत सांडला. बोल्ट तेवढा उरला.

आम्ही डोली बांधायला धावलो. मोटारीत बाई गार पडली होती.

"एकदा पण वरडली नाय," सासू पुन्हा पुन्हा सांगत होती.

सोमाच्या हातात सांडशी तशीच होती.

"ह्यो पंप पण लाल झाला नाय," तो म्हणाला.