रक्ततपासणीच्या रांगेतला पंखा

रक्त द्यायला नंबर लावून आम्ही बसलो होतो. शेजारी कारखान्यातले एक रिटायर्ड बॉयलरवाले आणि शाल गुंडाळलेली त्यांची बायको. बॉयलरवाल्यांना राहवत नव्हतं.

"अगं, गळ्यातली ती थायरॉइड ग्रंथी वीसेक ग्रॅमची! आणि अख्ख्या शरीराची धग तिच्या हातात!"

"ऐकलं हो. डॉक्टरांसमोर मीही होते."

"आणि तिच्यावर साहेब कोण? मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी. धग कमी पडली की हा साहेब रक्तातून निरोप धाडतो, आणखी पाठव. पुरेशी झाली की गप्प. आमच्या बॉयलरला तीन पाळ्यांत नऊ माणसं लागायची!"

"बॉयलर पुरे. माझी ग्रंथी रुसलीय, त्याचं काय?"

"रुसली नाही, दमलीय. साहेब बिचारा दोन वर्षं ओरडत असणार. परवाच्या रिपोर्टात त्याचाच आकडा चढलाय. आज पक्कं झालं की रोज सकाळी एक गोळी."

"दोन वर्षं मीही ओरडत होते. थंडी वाजते, पंखा कमी करा."

"हं."

"तुम्ही म्हणालात, नखरे आहेत."

"म्हणालो खरा."

"बॉयलरचा दाब जरा उतरला की भरल्या ताटावरून उठून पळायचात."

"त्याचा काटा दिसायचा गं."

"आणि भर उन्हाळ्यात मी शाल घेऊन समोर बसायचे, ते?"

बॉयलरवाले उठून काउंटरवर गेले.

"ताई, तेवढा पंखा बंद करा."

"काका, तुम्हीच तर घामाने भिजलाय!"

"भिजू दे. बंद करा."