निंबाच्या नावाची सव्वा मूठ

माझ्या बापाच्या पायाचा अंगठा तुमच्यातल्याच कुणीतरी खायला काढलाय. मागे वळून काय बघताय, तुम्हालाच म्हणतेय! सुरीने नाही, दातांनी नाही, एका वाक्याने. "एक खादी ते काय व्हस?" एक खाल्ली तर काय होतंय! हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढलं ना, तो मला सापडू दे, त्याला मी जिलबीच्या कढईत उलटा... नाही. थांबा. श्वास घेते. संशोधन सांगतं, रागावू नका.

तुम्हाला सांगते, मी मानसशास्त्र शिकलेय. कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या इमारतीत राहून, खालून डीजे, वरून मिक्सर, अशात बसून मी हे सगळं वाचलंय. जाड्या म्हणून हिणवलं की माणूस कमी खात नाही, उलट जास्त खातो. नुसत्या निग्रहाच्या भरवशावर राहू नका, आजूबाजूचं बदला, मोहाची वस्तू डोळ्यांसमोरून हलवा. एकदम सगळं नको, एकच छोटी सवय धरा. आणि प्रेमाने! लहान ताटात वाढावं की नाही यावर तर संशोधकांचीच आपसात जुंपलीय, पण मी आणलं बाई लहान ताट. अण्णांनी काय केलं? प्रेमाने परत परत वाढून घेतलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, निंबा. सगळा जन्म कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर उभा. साखर इतकी चढलेली की लूमच्या लोखंडाने अंगठा सोलवटला तरी पत्ता नाही! मोजा काढला तेव्हा आईनेच आधी रक्त बघितलं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आता असं ऐकल्यावर माणूस काय करेल? देवाचं नाव घेईल, रडेल... हा माणूस दवाखान्यातून निघाला तो थेट फाफडा-जिलबीच्या लारीवर, हातगाडीवर! म्हणे मन लागत नाही. मी हातातला कागद हिसकावला, जिलब्या रस्त्यावर भिरकावल्या, लारीवाला मध्ये पडला तर त्याचाच झारा उचलून त्याच्यावर धावले. लोक जमले. एक काकी हळूच म्हणाली, लग्न ठरत नसेल बिचारीचं. आणि संशोधन काय सांगतं? रागावू नका!

बरं, घर मी बदलेन, कारखाना कोण बदलणार? तिथे चिंधाकाका. आमचा भाऊबंद, अण्णांच्या शेजारच्या लूमवर. लूमच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून चहाची खूण कशी? अंगठा तोंडाकडे न्यायचा! रोज, सारखा, अंगठा तोंडाकडे! पाकासारखा गोड चहा, त्यात बुडवायला खारी. नको म्हटलं तर भाऊबंदाचा अपमान. मी काकांना कारखान्याच्या दाराशी गाठून मधुमेह समजावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मलाच चहा दिला.

तरी मी प्रेमाने चालले होते हो. श्रावण आला आणि कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई म्हणजे आमची श्रावणातली देवी, तिला रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो दळायचा आणि त्याच्या पुरणपोळ्या खापरावर, म्हणजे उलट्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या. पोळी केवढी? दोन्ही हात पसरा, तेवढी. खायची फक्त भाऊबंदांनी. परक्याला द्यायची नाही, टाकायची तर नाहीच, उरली तर पुनवेच्या आत संपवायची. आता सांगा, संशोधक म्हणतो वाढताना माप कमी करा, आणि इथे माप देवीने ठरवलेलं!

मी वरच्या मजल्यावर धुडकूआबांकडे गेले. आमच्या भाऊबंदकीत आबांचा शब्द शेवटचा, कानबाईही त्यांच्याच घरी बसते. हात जोडून म्हटलं, आबा, अण्णांच्या नावाची नुसती एक मूठ घ्या, पाव मूठ सोडा. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी अण्णांचं तेरावं घालायला आलेय. म्हणाले, "निंबानी आंडेर, बाप जित्ता शे ना तुना?" निंबाच्या पोरी, बाप जिवंत आहे ना तुझा! मग गहू मोजायला बसले, आणि तुम्हाला सांगते, आबांचा पंजा म्हणजे फावडं! ती कसली सव्वा मूठ, ते सव्वा घमेलं! पोर फार शिकली म्हणून मुद्दाम वर आणखी चिमूट.

झालं. रविवारी अण्णा पंगतीत जेवले, मी दारात दात खात उभी. सोमवारी उरलेले रोट डबा भरून घरी. आईने, म्हणजे सरलाबाईंनी, डबा देवासमोर ठेवला. अण्णा डब्यासमोर बसले. पाय पट्टीत, डोळे डब्यात. मला म्हणतात, "संपवायचेच आहेत बाई, देवीचं आहे." आणि मला आठवलं, मोहाची वस्तू डोळ्यांसमोरून हलवा! अण्णा डुलकी घेत होते, आई नळावर. मी डबा उचलला आणि शेजारी बळीराममामांना दिला. मामा नुसते म्हणायचे, ना नात्याचे ना भाऊबंद, परभणीचे, बांधकामावर, काटक, दिवसभर विटा उचलणारे, त्यांच्या अंगात साखर टिकते कुठे? मामांनी दुधात कुस्करून सगळं संपवलं. हलवली ना वस्तू? पुस्तकात लिहिलंय तशी!

पण माणूस चांगला असणं किती घातक असतं बघा. मामा धुतलेला डबा द्यायला आले ते भर गॅलरीत, आबा जिना उतरत असताना, आणि मोठ्यांदा म्हणाले, "निंबाभाऊ, काय पोळ्या झाल्यात हो! अशी पोळी जन्मात खाल्ली नाही."

आबा जिन्यातच थबकले. वरचा मिक्सरसुद्धा गप्प.

मग जे झालं त्याला संशोधनात शब्द नाही. रोट परक्याच्या पोटात गेले म्हणून सगळी भाऊबंदकी आमच्या दारात. चिंधाकाकांनी मामांची कॉलर धरली, जणू पोळी अजून बाहेर काढता येईल. मी काकांच्या मनगटाला चावले. काकूंनी माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटलं, आईने काकूंच्या पाठीत लाटणं घातलं. कुणीतरी वरून खापर आणलं, का आणलं त्यालाच माहीत, आणि ते मामांऐवजी आबांच्या खांद्यावर फुटलं. मी ओरडतेय, मला माझा बाप अख्खा हवाय! आणि अण्णा, तो लंगडणारा माणूस, मला सोडवायला त्या गर्दीत शिरला आणि कुणाचा तरी पाय बरोबर त्या अंगठ्यावर पडला.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांना कळलंच नाही हो. लादीवर लाल पावलं उमटली तेव्हा सगळे थांबले.

पट्टी पुन्हा बांधून आणली. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस वाट नाही बघता येणार. आणि आबांनी निकाल दिला. हे घर वाळीत. रोट नाही, पंगत नाही, चहा नाही, आवतण नाही. हो, आजच्या काळात! मी कायद्याची भाषा केली तर आई म्हणाली, तू आता एकही शब्द बोलू नको.

पितरांचा पंधरवडा आला, घरोघरी खीर, आम्हाला कुणी नाही बोलावलं. नवरात्र गेलं, साखरपुडे झाले, आम्ही नाही. कारखान्यात चिंधाकाका चहाची खूण करतात, पण अण्णांना वगळून पलीकडच्याला. अण्णा घरून भाकरी-भाजी नेतात, गोळ्या वेळेवर घेतात, कारण बोलायला कुणी नाही, दुसरं करायचं काय? रागाने घास कमी जातो. मी माफी मागायला गेले, आबांनी खांदा दाखवून दार लावलं.

परवा रक्त तपासायला नेलं. लॅबमध्ये महेश म्हणून आहे, तो रक्त काढतो आणि रिपोर्टही देतो. बाकावर बसल्या बसल्या अण्णा पट्टीकडे बघत म्हणाले, "दिवाळीले तरी बलावतीन का गं?" संशोधनात ते नाहीये.

रिपोर्ट आला. साखर उतरलेली. खरंच उतरलेली! त्याआधी डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितलं होतं, जखम भरतेय, अंगठा वाचेल असं वाटतंय. मला रडू फुटलं. महेश म्हणाला, वा काका, कोणतं डाएट केलंत? मी लगेच तोंड उघडलं, आजूबाजूचं बदलणं, सवयी, वातावरण...

अण्णा मध्येच म्हणाले, "भाऊबंदांनी वाळीत टाकलंय."

महेशने रिपोर्टकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, रिपोर्ट पाकिटात घातला आणि म्हणाला, "मग काका, हे भांडण एवढ्यात मिटवू नका."