सुरेशदादाला जमानतदार मिळाला नाही

आज शोकसभेला बरे जमले सगळे! सतरंज्या कमी पडून राहिल्या म्हणे. त्या दिवशी कोर्टात एक माणूस पाहिजे होता. एकच. काका, फोन माइकजवळ धरा आणि मधात बोलू नका.

मी संजू. सुरेशदादाचा लहान भाऊ. कोइमतूरहून बोलून राहिलो, सुट्टी नाही मिळाली. लिहून घेतलं, तेच वाचतो.

दादा सराफ्यात दागिन्यांना पॉलिश करायचा. एक चेन गेली म्हणून त्याला आणि बाजूला बसणाऱ्या संतोषला पोलिसांनी ठाण्यात नेलं. काहून नेलं, ते कोणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. ‘संजू, चेन मीच घेतली असं लिहून दे म्हणतात. देऊ का?’ मी मशीनवर होतो. म्हटलं, ‘देऊन टाक ना दादा, संध्याकाळी सुटशील.’ त्याने दिलं लिहून.

ऐकलं? हे मी म्हटलं. मी.

नंतर दादाची केस घेणाऱ्या वकीलदीदी रागावल्या. ‘अरे, स्वतःविरुद्ध बोलायची जबरदस्ती करताच येत नाही. चोवीस तासांत कोर्टात न्यायचं होतं. वकील मागायचा हक्क होता. संविधानात आहे हे.’ असेल दीदी. आम्हाला कोणी सांगितलं? मी सातवी नापास.

तरी त्यांनी जमानत मंजूर करवली. फक्त जमानतदार पाहिजे होता, घराचा कागद घेऊन. काका, तुम्ही काय म्हणाले? ‘भैया, मी सरकारी फॅक्टरीतला माणूस. चोरासाठी सही केली तर माझी पेन्शन अडकेल.’ चोर? कोणत्या कोर्टाने म्हटलं चोर? केस उभीच राहिली नव्हती! जमानत मंजूर, आणि दादा एकोणीस दिवस आतच. दम्याचा पंप घरी, कपाटात. विसाव्या दिवशी आईला बॉडी दिली.

दादा, तुझी माफी दहा वेळा लिहिली. दहाही वेळा खोडली.

संतोष अजून आत आहे. त्याचीही जमानत मंजूर आहे. त्याची बायको मागे बसली असेल. पाहा तिच्याकडे.

आता दोन मिनिटं गप्प राहा, दादासाठी. मग एकाने फक्त सांगा, सोमवारी संतोषसाठी घराचा कागद घेऊन कोर्टात कोण जातं.

काका, तेरवीच्या जेवणाचे पैसे मागितले होते ना? जेवण नका घालू. कोर्टाच्या खर्चाला आणि सोमवारी ज्याचा मजुरीचा रोज बुडेल त्याला द्या. तेवढेच पाठवून राहिलो, साडेसात हजार.