दुसरं पान

(दिवेआगर, १९५८. महादेव, म्हणजे गावच्या शाळेत शिकवणाऱ्या कुमुदचे थोरले भाऊ दादा, यांच्या घराची ओटी. सकाळ. वरच्या कोंडावरचा, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरचा, भागोजी पायरीवर बसला आहे.)

दादा : ...ते मला सांगू नकोस. मॅट्रिकच्या वर्गात ती इंग्रजी कादंबरी उद्यापासून वाचायची नाही. शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून सांगतोय.

कुमुद : ती मला तूच दिली होतीस, दादा. तुरुंगातून सुटून आलास तेव्हा. म्हणाला होतास, इंग्रज समजून घ्यायचा असेल तर हे वाच.

दादा : इंग्रज जाऊन अकरा वर्षं झाली. आणि आज माझ्या कानावर काय येतं, तर मुलं मला त्या पुस्तकातला कप्तान म्हणतात. हे तू शिकवलंस?

कुमुद : तुझं नावसुद्धा घेतलं नाही मी. गोष्ट सांगितली. कंपनीचं जहाज फुटतं, बेटावरची माणसं कप्तानाला पाण्यातून ओढून काढतात, जगवतात. तो वाईट म्हणून आलेला नसतो रे. त्याला तिथे दवाखाना काढायचा असतो. मग त्याला चंदनाची झाडं दिसतात. पहिल्या वर्षी दवाखान्यापुरती तोडतो, पुढच्या वर्षी जहाजभर, आणि मग त्याचा हात थांबतच नाही. बेटावर सावली उरत नाही, पण लोकांनी अंगठे दिलेला कागद त्याच्यापाशी असतो. मी वर्गाला एवढंच विचारलं, की कप्तानाने काय करायला हवं होतं?

दादा : मग?

कुमुद : भागोजींची कोकिळा उठली. म्हणाली, "कागद पुरता वाचून दाखवायला हवा होता, बाई." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्याकडे, दादा. बस म्हटलं तरी बसेना.

भागोजी : पोरीचं चुकलं आसंल तर...

कुमुद : तिचं काही चुकलं नाही, भागोजी.

दादा : हे बघ भागोजी, तुमच्या कोंडाने माझ्या कागदावर राजीखुशीने अंगठे दिलेत. वर्ष उलटलं त्याला. तक्रार होती तर तेव्हाच बोलायचं.

भागोजी : तवा बाईंनी वाचून दावलं, का डोंगरातली सुकी लाकडं उचलायची परवानगी. बाई वाचतात म्हंजी खरंच आसनार. आनि सुक्या लाकडाला कोन न्हाय म्हनतंय? मंग मानसं आली कुऱ्हाडी घिऊन. ऐनाची झाडं गेली, किंजळाची गेली. कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. मी आडवा झालो तर तुमच्या मुकादमानं कागद म्होरं धरला. म्हनला, दुसऱ्या पानावर बघ, उभी झाडंबी हायत, देवाच्या राईसकट. मला काय दिसनार त्यात? मला वाचता येत न्हाय.

कुमुद : दुसरं पान मला तू दिलंच नव्हतंस. "तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, तू वाच," म्हणालास. मी गेले, वाचलं, त्यांनी दिलेला गूळ खाल्ला आणि परत आले.

दादा : दुसऱ्या पानावर सगळी कायद्याची भाषा होती. त्यांना काय कळणार होती ती?

कुमुद : साहेब लोक असंच बोलायचे. तेव्हा तुझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादा : आणि तुझ्या त्या शाळेवर कौलं कोणी घातली? त्याच कोळशाच्या पैशाने घातली. देश उभा करायचा तर चार झाडं पडणारच.

कुमुद : कौलं पहिल्या पावसाळ्याआधीच चढली. त्यानंतर जी गलबतं भरून मुंबईला गेली ती कशासाठी? ही मोटार दारात आली, पलीकडची नारळ-सुपारीची वाडी घेतलीस, आता मुंबईत जागा बघतोयस. थांबायचं कुठे, हे तुला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

दादा : अठरा महिने तुरुंगात काढलेत मी या लोकांसाठी.

भागोजी : त्याच्या आदी दोन म्हैने आमच्यात काढलेत, दादा. बेचाळीस साली पोलीस मागं लागले तवा माज्याच घरात व्हता. ताप चढला व्हता तुमाला. माजी बायको आवडा राईतल्या झऱ्याचं पानी आनून कपाळावर पट्ट्या ठेवीत बसायची. राई तुटली आनि ह्या चैतात झरा आटला. आता बाया खाली खाडीकडच्या हिरीवर जातात. मागल्या म्हैन्यात आवडा हंडा घिऊन चढताना पडली. खुब्यात मोडलं. आजून उठली न्हाय.

दादा : आवडा? मला कोणी बोललं नाही.

भागोजी : कोन बोलनार? मुकादम?

दादा : मी डॉक्टर पाठवतो. मोटार पाठवतो. आणि तो मुकादम काढून टाकतो, त्याच्या जागी तू ये. घरचा माणूस राहील.

भागोजी : डाक्टर पाठवा. मुकादमी नको. आमच्या डोंगरात कुऱ्हाड कुठं घालायची ते मी दावायचो न्हाय.

कुमुद : कोकिळा वर्गात बोलली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी वर जाऊन आले, दादा. राईच्या जागी नुसती खोडं आहेत. आवडाबाईंनी पडल्या पडल्या सुनेला सांगितलं, बाईंना पाणी दे. हंड्यात तळाशी होतं तेवढं. मला ते पिववलं नाही. तिथेच बसून प्रांतसाहेबांना अर्ज लिहिला. प्रत्येक ओळ दोनदा वाचून दाखवली, मगच अंगठे घेतले. खाली मी सही केली, की पहिलं पान मी वाचलं आणि दुसरं यांना कोणीही वाचून दाखवलेलं नाही.

दादा : सख्ख्या भावाविरुद्ध सही केलीस?

कुमुद : माझ्याविरुद्धही केली. वाचणारी मीच होते.

भागोजी : आज सकाळी शिपाई आला व्हता हुकूम घिऊन. चौकशी हुईस्तवर तोड बंद. तुमची मानसं खाली उतरली, दादा. तेच सांगायला आलो. तुमाला दुसऱ्याकडनं कळू नये म्हून.

दादा : उद्यापासून शाळेत तुला जागा नाही, कुमुद. आणि या घरातही...

कुमुद : पुढचं बोलू नकोस. वहिनी आत ऐकतेय. माझी पेटी मी कालच भरून ठेवली आहे.

भागोजी : बाई, आमच्या कोंडावर चला. आमची पडवी हाय. पोरींना तितंच शिकवा. पन आदीच सांगून ठेवतो, पानी खालनं आनावं लागतं.

कुमुद : किती लांब आहे विहीर?

भागोजी : जाताना दीड कोस. येताना जास्ती वाटतं.