सकाळी गायब होणारा ढोल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या आठवड्यात बसायला लागला होता. गाडीच्या दारांत नवे स्पीकर बसवले, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर. द्वारका चौकातल्या फिटरकडे गाण्यातला ढोल असा वाजला, की थाप थेट छातीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ढोल पत्र्याच्या डब्यासारखा!

गाडी परत नेली, तर फिटरने डिकी उघडली. “भाऊ, तुमच्या गाडीत एका दाराच्या वायरचे रंगच चुकीचे आहेत. म्हणून मी लाल-काळी मुद्दाम उलटी लावली होती. ती कोणीतरी सरळ केलीये, त्यामुळे दोन दारांचे स्पीकर एकमेकांचा ढोल मारतायत. घरी कोणी हात लावतं का?”

“छे! आमच्याकडे कोणाला कळतंय त्यातलं?”

त्याने वायर पुन्हा उलटी लावली. ढोल आला. सकाळी परत गेला. असं तीनदा झालं. शेवटी फिटर माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

पुढच्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर डिकीत अण्णा वाकलेले. माझे वडील, रिटायर्ड वायरमन. हातात टेस्टर.

“अण्णा, काय करताय?”

“दुकान बदल आधी,” अण्णा म्हणाले. “रोज लाल वायर काळीच्या जागी लावतो गाढव. मी रोज सरळ करतोय, म्हणून निदान एवढा तरी वाजतोय तुझा ढोल!”