अनमाउंट करायच्या आधीची वरात

सोनईहून नगरला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावरची दोन पोरं कॉम्प्युटरचं बोलत होती. लग्नाचं नाव निघालं आणि मागं बसलेल्या छबूबाईंनी कान टवकारले.

"पंकज, लिनक्सवर सीडीची इमेज फाईल माउंट केली, म्हंजी एका फोल्डरला जोडली, अन् आपल्या क्लासच्या सरांच्या पोरीच्या लग्नाच्या पाव्हण्यांची यादीच गायब झाली."

"कुठल्या फोल्डरवर केली?"

"यादी हुती त्याच."

"अरे गोरक्ष, रिकामा फोल्डर घ्यायचा! यादी इमेजच्या खाली झाकलीय. अनमाउंट कर, म्हंजी इमेज काढून घे, जशीच्या तशी दिसंल."

"व्हय? मला वाटलं, पुसली."

"मग आवतणं कशी दिली?"

"रिक्षाला भोंगा लावला. समद्या सोनईला, आज नगरला लग्नाला या म्हणून."

"यादीत नावं किती हुती?"

"चाळीस."

पंकजनं मागं वळून गच्च भरलेली गाडी बघितली.

"मग बाबांनो," नवं लुगडं सावरत छबूबाई म्हणाल्या, "आमी आत्ताच उतरायचं, का जेवून?"